११ सप्टेंबर १९५६ : एका परिषदेचा दुसरा दिवस

सप्टेंबर १९५६ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावी, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, तीन दिवसांची परिषद भरवली. तारखा १० ते १२, विषय माहिती-सिद्धान्त. पहिला दिवस अभियंत्यांच्या घरच्या विषयात गेला. संदेशाला संकेतांत कसे बांधावे, तारेतल्या खरखरीतून तो शाबूत कसा न्यावा, ही त्यांची नेहमीची चर्चा होती. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मात्र व्यासपीठावर वेगळीच माणसे आली. एक होता राज्यशास्त्रातून संघटनांच्या अभ्यासाकडे आणि तिथून यंत्रांकडे वळलेला प्राध्यापक, दुसरा त्याचा तरुण गणिती सहकारी, आणि तिसरा सत्तावीस वर्षांचा एक भाषावैज्ञानिक. हार्वर्डचा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर त्या परिषदेत होता. तेवीस वर्षांनी, १९७९ मध्ये केलेल्या एका भाषणात त्याने बोधनिक विज्ञानाची, म्हणजे मन, भाषा आणि गणनयंत्र यांचा एकत्र विचार करणाऱ्या शास्त्राची, जन्मतारीख म्हणून हाच दिवस सांगितला : ११ सप्टेंबर १९५६.

शास्त्रांच्या जन्मतारखा मागाहूनच ठरतात, त्यामुळे त्या तारखेवरून वाद घालण्यात मला रस नाही. त्या दिवसातली दुसरी गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या सिद्धान्ताच्या नावाने ही सभा भरली होती, त्याच सिद्धान्ताला भाषेपुरता भर सभेत धक्का बसला. आणि सहा-सात वर्षे तो सिद्धान्त उराशी बाळगून काम केलेल्या मिलरनेच तो धक्का मोकळ्या मनाने पचवला.

हा सिद्धान्त आला होता बेल टेलिफोन प्रयोगशाळेतून. क्लॉड शॅनन याने १९४८ मध्ये संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला, आणि माहिती ही वजन-मापासारखी मोजता येणारी गोष्ट झाली. एकक होते ‘बिट’ : दोन सारख्याच शक्य पर्यायांतला एक निवडला की एक बिट माहिती मिळते. अर्थाशी या मोजमापाला कर्तव्य नव्हते. पुढे काय येणार याचा अंदाज जितका सोपा, तितकी माहिती कमी. ‘मी उद्या सकाळी पुण्याला’ एवढे ऐकले की मराठी माणूस ‘जाणार’ किंवा ‘निघणार’ म्हणून मोकळा होतो. तो शब्द प्रत्यक्ष उच्चारला तरी ऐकणाऱ्याच्या पदरात नवे फारसे काही पडत नाही. शॅननने आपल्या पत्नीला, बेटीला, पुस्तकातले पुढचे अक्षर ओळखायला बसवून छापील इंग्रजीत अंदाजाने कळणारा भाग किती, याची मोजदाद केली होती. शब्दामागून शब्द येण्याच्या शक्यता मांडत गेले तर इंग्रजीसारखे वाटणारे वाक्य यंत्राकडूनही निघते, हे त्याने १९४८ च्या निबंधातच दाखवले होते. मागचे काही शब्द पाहायचे, त्यावरून पुढच्याची शक्यता काढायची. या साखळीला रशियन गणिती मार्कोव्ह याचे नाव आहे.

महायुद्धानंतरच्या अमेरिकेत ही कल्पना वणव्यासारखी पसरली. त्या काळच्या अमेरिकी मानसशास्त्रावर वर्तनवादाचा पगडा होता. मन, हेतू, कल्पना हे शब्द प्रयोगशाळेत उच्चारायचे नाहीत. बाहेरून दिलेली चेतना आणि दिसणारा प्रतिसाद, एवढेच मोजायचे. आत काय चालते याबद्दल बोलण्याची सोय नव्हती, आणि शॅननने ती दिली. माहिती आत येते, साठते, बदलते, बाहेर पडते, असे आता संकोच न करता आणि आकड्यांनिशी म्हणता येऊ लागले. मिलर हा या लाटेवरचा पहिल्या फळीतला माणूस. १९५० मध्ये त्याने जेनिफर सेल्फ्रिजबरोबर प्रयोग केला. मार्कोव्हच्या साखळीने बनवलेल्या, इंग्रजीच्या कमी-अधिक जवळ जाणाऱ्या शब्दमाला लोकांना पाठ करायला दिल्या. माला इंग्रजीच्या जितकी जवळ, तितकी ती लक्षात राहायला सोपी. मिलरच्या भाषेविषयीच्या विचाराचा पाया तेव्हा हाच होता. भाषावैज्ञानिकांतही कॉर्नेल विद्यापीठातल्या चार्ल्स हॉकेटने शॅननचे हे यंत्र १९५५ च्या आपल्या ग्रंथात घेतले होते.

सगळ्यांना ही हवा मानवली असे नाही. खुद्द शॅननला ती मानवली नाही. मार्च १९५६ मध्ये, म्हणजे परिषदेच्या सहा महिने आधी, रेडिओ अभियंत्यांच्या त्याच संस्थेच्या नियतकालिकात त्याने एका पानाचे टिपण लिहिले. माहिती-सिद्धान्ताच्या मागे लोक वरातीसारखे लागले आहेत, आपल्या विषयात तो खरेच लागू पडतो का हे प्रत्येकाने कष्टाने तपासावे, असा त्याचा आशय. यशाच्या ऐन भरात आपल्याच सिद्धान्ताला असा लगाम घालणारी माणसे विरळा.

त्याआधी आठ वर्षे आणखी एका सभेत धोक्याची घंटा वाजली होती. सप्टेंबर १९४८ मध्ये पॅसाडीनाच्या कॅलटेकमध्ये हिक्सन परिसंवाद भरला. तिथे गणिती जॉन फॉन नॉयमन यंत्रे आणि मज्जासंस्था यांच्याबद्दल बोलला, आणि मेंदूचा अभ्यासक मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशलीने क्रमाचा प्रश्न काढला. पियानो वाजवणाऱ्याची बोटे इतक्या वेगाने पडतात की एका बोटाची संवेदना मेंदूत पोचून पुढच्या बोटाला हुकूम सुटेल एवढा वेळच मध्ये नसतो. मग ‘ही कृती पुढच्या कृतीला जागी करते’ ही साखळीची कल्पना कशी टिकणार? बोलताना आपण पुढच्या शब्दातले अक्षर आधीच तोंडातून काढतो, ते पुढचा शब्द आत कुठेतरी तयार असतो म्हणूनच. लॅशलीचे म्हणणे होते की आधी आराखडा असतो आणि क्रम त्यातून निघतो. त्या वेळी या भाषणाचे मोल फारच थोड्यांना कळले.

मिलरच्या हाताखालच्या आकड्यांतही तडा दिसू लागला होता. एप्रिल १९५५ मध्ये फिलाडेल्फियात त्याने दिलेले व्याख्यान १९५६ च्या मार्चमध्ये छापून आले. सात, अधिक-उणे दोन, या आकड्याविषयीचा तो निबंध मानसशास्त्राबाहेरही प्रसिद्ध झाला आहे. लोकांनी त्यातला सात उचलला. मला वाटते, त्यातला कळीचा भाग वेगळा आहे. एकदा ऐकून माणसाला सात-आठ अंक लक्षात राहतात, तसे पाच-सहा सुटे शब्दही राहतात. पण बिटमध्ये मोजले तर एका शब्दात अंकापेक्षा कितीतरी जास्त माहिती असते. म्हणजे स्मरणाची मर्यादा बिटची नव्हे, गठ्ठ्यांची आहे. आणि गठ्ठे माणूस स्वतः बांधतो. समजा ११० ०११ १०१ ००० असे बारा शून्य-एक कुणी भरभर वाचून दाखवले, तर ते तसेच्या तसे सांगणे अवघड. पण तीन-तीनचा गट करून त्याला ६, ३, ५, ० अशी नावे द्यायची सवय लावून घेतली, की चारच वस्तू उरतात. मिलरने ज्याचा दाखला दिला त्या संशोधकाने हीच युक्ती कसून सरावली आणि सुमारे चाळीस शून्य-एक एका दमात परत सांगून दाखवले. शॅननचे माप तारेला लागू होते. डोक्याच्या आत काहीतरी वेगळीच बांधणी चालली होती. ती कसली, हे सांगायला मिलरकडे १९५६ च्या उन्हाळ्यापर्यंत शब्द नव्हते.

दुसऱ्या दिवशीच्या वक्त्यांपैकी हर्बर्ट सायमन आणि ॲलन न्यूएल यांच्याकडे एक उत्तर होते. त्यांनी ‘लॉजिक थिअरिस्ट’ नावाची आज्ञावली रचली होती. रसेल आणि व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’तली प्रमेये ती सिद्ध करणार होती. पण जानेवारी १९५६ मध्ये आज्ञावली कागदावर तयार असली, तरी ती यंत्रावर चढलेली नव्हती. म्हणून पिट्सबर्गला सायमनने आपली पत्नी, तिन्ही मुले आणि काही विद्यार्थी यांना एकत्र बसवले, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड दिले. कार्डावर आज्ञावलीतला एक तुकडा लिहिलेला होता. ज्याची पाळी येई त्याने कार्डावर लिहिले असेल तेवढेच करायचे. मध्ये स्वतःची अक्कल चालवायची नाही. अशा रीतीने माणसांचे यंत्र करून त्यांनी आपली आज्ञावली चालते की नाही ते पाहिले, आणि ती चालली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सँटा मोनिकाच्या रँड संस्थेतल्या जॉनिअ‍ॅक यंत्रावर, क्लिफ शॉच्या मदतीने, ती खरोखर धावली. पुढे तिने ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ सिद्ध केली. यंत्र सगळ्या वाटा आंधळेपणाने चाचपत नव्हते. ध्येयाकडून उलटे येणे, मोठ्या प्रश्नाचे लहान प्रश्न करणे, अशा माणसाच्या युक्त्या त्यात घातल्या होत्या.

त्याच उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजमध्ये जॉन मॅकार्थीने भरवलेली, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव ज्या बैठकीने रूढ केले ती, काही आठवड्यांची बैठक झाली होती. केंब्रिजच्या परिषदेत त्या बैठकीचा वृत्तान्त मॅकार्थीने द्यावा, असे आधी ठरले होते. न्यूएल आणि सायमन यांना हे पटेना. चालणारी आज्ञावली आमची, मग तिची हकिगत दुसऱ्याने का सांगावी? सत्राचे सूत्रधार वॉल्टर रोझेनब्लिथ यांच्याशी घासाघीस झाली. अखेर मॅकार्थीने डार्टमथविषयी सर्वसाधारण बोलावे आणि लॉजिक थिअरिस्ट तिच्या कर्त्यांनी मांडावी, अशी तडजोड निघाली. श्रेयाची ही ओढाताण मला क्षुद्र वाटत नाही. चार वर्षांनी विसरले जाईल अशा कामासाठी कुणी इतका आग्रह धरत नाही.

मग नोम चॉम्स्की उभा राहिला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून नुकती डॉक्टरेट घेऊन तो एमआयटीच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत आला होता. त्याचे भलेमोठे हस्तलिखित प्रकाशकाविना पडून होते. ते छापून यायला १९७५ साल उजाडावे लागले. परिषदेतल्या निबंधाचे नाव साधे होते : भाषेच्या वर्णनाचे तीन नमुने. पहिला नमुना शॅननचाच, मार्कोव्हच्या साखळीचा. तो अपुरा आहे, हे चॉम्स्कीने मतप्रदर्शन करून सांगितले नाही. त्याने ते गणिताने दाखवले. समोरच्या अभियंत्यांना कळेल, नाकारता येणार नाही, अशी ती भाषा होती.

युक्तिवाद मराठीतून समजून घेऊ. ‘जर’ म्हटले की ‘तर’चे देणे लागते. साखळीच्या यंत्राला हे देणे लक्षात ठेवता येईल. ‘जर’ नंतर ते एका खास अवस्थेत जाईल आणि ‘तर’ येईपर्यंत तिथेच राहील. पण मध्ये दुसरी जोडी उघडता येते. ‘जर मास्तर म्हणाले असतील की जेव्हा पाऊस थांबेल तेव्हाच एसटी सुटेल, तर आपण इथेच थांबू.’ आतली ‘जेव्हा-तेव्हा’ आधी मिटली, मग बाहेरची ‘जर-तर’ मिटली. ‘पाऊस’च्या जागी ‘जो पाऊस काल लागला होता तो’ असे घातले की तिसरी जोडी आली. किती जोड्या एकात एक घालाव्यात याला व्याकरणाची आडकाठी नाही. दमछाक होते ती आपल्या स्मरणाची. प्रत्येक उघडलेली जोडी उलट क्रमाने मिटवायची, आणि यंत्राजवळ अवस्था तर मोजक्याच. कितीही अवस्था द्या, त्यांना पुरून उरेल इतके खोल वाक्य भाषेत बनतेच. म्हणजे ‘मागचे इतके शब्द पाहा आणि पुढचा ठरवा’ या तत्त्वावरचे कुठलेही यंत्र इंग्रजीचे, किंवा मराठीचे, व्याकरण होऊ शकत नाही.

शक्यतेचा हिशेबही व्याकरणाच्या कामाचा नाही, हे त्याचे दुसरे म्हणणे. ‘चौकोनी दुःख जिन्यावर घोरते’ हे वाक्य कुणी कधी ऐकलेले नसावे. ‘चौकोनी दुःख जिन्यावर घोरतो’ हेही नाही. ऐकिवाच्या मापाने दोघांची किंमत शून्य. तरी पहिले निरर्थक असून मराठी आहे आणि दुसरे चुकले आहे, हे वाचणाऱ्याला क्षणात कळते. कशावरून कळते? ऐकलेल्याच्या साठ्यावरून नाही, असे चॉम्स्कीचे उत्तर. बोलणाऱ्याच्या ठायी नियमांची एक व्यवस्था असते, आणि तीच शोधायची.

दुसरा नमुना पदांच्या उतरंडीचा : वाक्य म्हणजे नामपद आणि क्रियापद, नामपद म्हणजे विशेषण आणि नाम, असे उलगडत जाणारे नियम. यात एकात एक जोड्या बसतात. तरी कर्तरी-कर्मणीसारखे संबंध त्यात फार अडचणीने मावतात, म्हणून तिसरा नमुना, एका रचनेतून दुसरी काढणाऱ्या रूपांतरणांचा. वर्षभरात ‘सिन्टॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या सव्वाशे पानांच्या आतल्या पुस्तकात, हॉलंडमधल्या हेग शहरातून, हे विचार जगापुढे आले.

शॅननच्या मापाने भाषा मोजण्यात उमेद घातलेला मिलर हे ऐकत होता. पुढे त्याने लिहून ठेवले आहे, की भाषेत गणिताचा काटेकोरपणा असल्याचे इतर भाषावैज्ञानिक म्हणत आले, पण ते प्रत्यक्ष करून दाखवणारा पहिला भाषावैज्ञानिक चॉम्स्कीच. आपल्या स्मरणविषयक निबंधात जी बांधणी मिलरला दिसत होती आणि नाव देता येत नव्हते, तिची दोन रूपे एकाच दिवशी त्याच्यापुढे आली : एक सायमन-न्यूएलच्या आज्ञावलीत, एक चॉम्स्कीच्या नियमांत. लॅशलीचा आराखडा तो हाच. सभेतून बाहेर पडताना मिलरच्या मनात एक खात्री होती, आणि ती तर्कापेक्षा अंतःप्रेरणेची अधिक होती, असे तोच सांगतो : प्रायोगिक मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि गणनयंत्रावरची विचारांची नक्कल हे एकाच मोठ्या गोष्टीचे भाग आहेत. त्या दिवशी आणखीही निबंध झाले. आयबीएमच्या नॅथॅनियल रॉचेस्टर आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या पेशीसमूहांची मानसशास्त्रज्ञ हेबची कल्पना यंत्रावर तपासली होती, व्हिक्टर इंग्वेने वाक्यरचनेचे सांख्यिकी विश्लेषण मांडले. पण परिषदेची याद राहिली ती या दोन निबंधांमुळे.

मिलरने आपले हत्यार खाली ठेवले आणि ज्याने ते निकामी केले त्याच्याबरोबर काम सुरू केले. १९५७ चा उन्हाळा मिलर आणि चॉम्स्की यांनी कुटुंबांसह स्टॅनफर्डला एकत्र काढला. १९५८ मध्ये दोघांचा मोजक्या अवस्थांच्या भाषांवरचा निबंध आला, आणि १९६३ च्या गणिती मानसशास्त्राच्या ग्रंथात त्यांनी एक हिशेब मांडला. साखळीच्या पद्धतीने भाषा शिकायची तर मुलाला सुमारे शंभर कोटी संख्या पारखून घ्याव्या लागतील, आणि बालपण असते जेमतेम दहा कोटी सेकंदांचे. ज्या माणसाने तेरा वर्षांपूर्वी साखळ्यांवर प्रयोग केले, त्याची सही या हिशेबाखाली आहे. विद्वत्तेच्या इतिहासात मला असे प्रसंग फार थोडे आढळले.

एप्रिल १९६० मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने भाषेची रचना आणि तिचे गणिती पैलू यांवर परिसंवाद घेतला. त्याच्या निबंधसंग्रहाचा संपादक भाषावैज्ञानिक रोमान याकबसन. क्वाइन, पटनम, करी, लँबेक, मँडेलब्रॉट, हॉकेट, चॉम्स्की, इंग्वे, असे तर्कशास्त्रज्ञ, गणिती आणि भाषावैज्ञानिक सारे एका छपराखाली. तिथल्या इंग्वेच्या निबंधात मिलरचा सात पुन्हा भेटतो. इंग्वे म्हणाला, वाक्य बोलताना पुढे द्यायची देणी स्मरणात धरावी लागतात. मुख्य शब्दाच्या आधी विशेषणांची रांग डावीकडे वाढत गेली की देणी वाढतात, आणि सुमारे सातपलीकडे भाषा जाऊ शकत नाही. म्हणून भाषा डावीकडची वाढ टाळतात. इंग्रजीकडे पाहून हे पटते. पण मराठी माणूस म्हणतो, ‘शेजारच्या वाड्यातल्या मालकिणीच्या धाकट्या मुलाच्या सासूच्या आजारपणाची बातमी ऐकून आईला वाईट वाटलं’, आणि बोलणाऱ्याला धाप लागत नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. ज्या भाषांचा ओघच डावीकडे आहे, त्यांनी इंग्वेच्या मापाने अडखळायला हवे होते. जपानी आणि तुर्कीचे दाखले घेऊन हाच आक्षेप पुढे मांडला गेला. मराठीचा दाखलाही तेवढाच चोख ठरला असता.

मराठीचे शास्त्रीय वर्णन त्याच वर्षांत चालू होते, आणि तेही हॉकेटच्या विद्यापीठात. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेलला मराठीचे ध्वनी आणि रूपे यांवर डॉक्टरेट मिळवली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने, भाषाविज्ञानाची शिबिरे भरत होती आणि अमेरिकी भाषावैज्ञानिक तिथे शिकवायला येत होते. तरी न्यूयॉर्कच्या सभेतले प्रश्न इंग्रजीच्या अंगाने विचारले गेले, ही त्या पिढीच्या कामातली खरी उणीव होती.

भारताचे नाव निघाले ते वेगळ्या वाटेने. १९५९ मध्ये पॅरिसच्या युनेस्को परिषदेत जॉन बॅकसने संगणकाच्या एका भाषेचे व्याकरण मांडले. त्याचे नियम चॉम्स्कीच्या दुसऱ्या नमुन्याच्या घाटाचे होते. १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन यांनी सुचवले, की या पद्धतीला पाणिनी-बॅकस रूप म्हणावे. सूचना अवास्तव नव्हती. ‘अति’ आणि ‘अंत’ मिळून ‘अत्यंत’ होते, हा संधी शाळेत आपण पाठ करतो. पाणिनीने तो सांगताना बदलणारा ध्वनी, त्याच्या जागी येणारा ध्वनी आणि पुढची परिस्थिती, या तिन्हींना वेगवेगळी विभक्ती लावून नियमाचे साचेबंद सूत्र केले.

पुढची वाटचाल ठाऊक असलेली आहे. १९६० मध्ये मिलर आणि जेरोम ब्रूनर यांनी हार्वर्डला बोधनिक अभ्यासाचे केंद्र काढले, १९७९ मध्ये सॅन दिएगोतल्या ला होया इथे नव्या शास्त्राच्या संस्थेची पहिली परिषद झाली. सायमन आणि चॉम्स्की यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. रूपांतरणांचा ताण माणसाच्या वेळेत मोजायचे मिलरचे प्रयोग सुरुवातीच्या यशानंतर अडखळले, आणि उत्तरायुष्यात प्रिन्स्टनला तो ‘वर्डनेट’ या शब्दांच्या अर्थजाळ्याकडे वळला.

आणि आज बोलणारी यंत्रे पुन्हा पुढचा शब्द ओळखण्यावर शिकवली जातात. २०२० च्या जीपीटी-३ मध्ये १७,५०० कोटी संख्या होत्या, मिलर-चॉम्स्कीच्या आकड्याच्या १७५ पट. ही यंत्रे मार्कोव्हच्या साखळ्या नाहीत. दूरवरचे ‘जर’ त्यांना ‘तर’पाशी आठवते, आणि चॉम्स्कीच्या गणिताला त्यांनी खोटे पाडलेले नाही. पण शक्यतांचा हिशेब व्याकरणाच्या कामाचा नाही, हे त्याचे दुसरे म्हणणे त्यांच्यामुळे नव्याने तपासावे लागते आहे. त्यांनी वाचलेला मजकूर कुठल्याही मुलाच्या कानावर आयुष्यभरात पडणार नाही इतका मोठा. मिलर-चॉम्स्कीच्या हिशेबातले दहा कोटी सेकंद मात्र तेवढेच आहेत, आणि तेवढ्या वेळात, तेवढ्या थोड्या बोलण्यावरून मूल ‘घोरते’ आणि ‘घोरतो’ यांतला फरक कसा पकडते, हा प्रश्न मानसशास्त्र, भाषाविज्ञान आणि गणनयंत्रे या तिन्हींपुढे अजून उभा आहे.